रेवाला आणायला

लेकीला परत आणायचंच, असं ठरवून प्रेमा मस्कतहून विमानात बसली होती. तिथल्या अल् घुब्रा भागातल्या फ्लॅटमधली रेवाची खोली झाडूनपुसून तयार होती आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली दोघींची तिकिटंही काढून झाली होती. म्युनिकला इंजिनिअरिंग शिकायला गेलेली पोर पहिल्याच परीक्षेत दोन पेपरांत आपटली आणि फोनवर हमसून हमसून रडली, एवढं कारण पुरेसं होतं. दुक्मच्या बंदराच्या कामावरून महिन्यातून दोनदा घरी येणाऱ्या दयानंदने ते रडणं ऐकलं आणि वेंगुर्ल्याच्या बोलीत बायकोला म्हणाला, "घेवन ये ताका. पुरे झाला."

प्रेमाला तेवढंच हवं होतं. बारावीपर्यंत लेकीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाणारी बाई ती. आपली पोर परक्या देशात एकटी राहू शकते, यावर तिचा मुळात विश्वासच नव्हता.

रेवा परत यायला तयार नव्हती. पण ती भांडली नाही. नाताळच्या सुट्टीत आई आली तेव्हा एवढंच म्हणाली, "आई, एक दिवस माझ्याबरोबर ट्रेनने इन्सब्रुकला चल. मग तू डिसाइड कर." तिचं मराठी असंच, अडखळत चालणारं.

"एका दिवसात काय दिवे लावणार आहेस?" प्रेमा म्हणाली, पण गेली.

सकाळी म्युनिकच्या स्टेशनात गाडी लागली. रेवा बॅगा घेऊन खिडकीची जागा धरून बसली आणि आईलाही जागेवर बस म्हणाली. प्रेमा मात्र दारात उभी राहून गर्दी बघत होती, तेवढ्यात तिला प्लॅटफॉर्मवर एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर नक्षीदार कुम्मा दिसला. अशी टोपी ओमानी माणसाशिवाय कोण घालणार? बरोबर काळ्या अबायावर जाडजूड कोट चढवलेली बायको, हातात जड पिशवी. सात समुद्रांपलीकडे माहेरचं माणूस भेटावं तसं प्रेमाला झालं. "तू बस, मी आलेच," असं लेकीला सांगून ती धावली, पिशवीला हात लावला आणि त्यांच्याबरोबर पार पुढच्या डब्यात चढली. दार बंद झालं, गाडी सुटली. पर्स आणि मोबाइल रेवाजवळ. असू दे, प्रेमा मनात म्हणाली, गाडी तर एकच आहे.

बाईचं नाव नसीबा. दोघं ओमानमधल्या सूर गावची. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं म्युनिकला ऑपरेशन झालं होतं आणि बरे झालेल्या डोळ्यांनी त्याला इन्सब्रुकचे बर्फाचे डोंगर बघायचे होते. नसीबाला हिंदी छान येत होतं. प्रेमा अल् घुब्राची म्हटल्यावर तिने थर्मासमधला काहवा, वेलचीची कोरी कॉफी, ओतला, खजूर पुढे केला. ओमानी रीत अशी की पाहुण्याने रिकामा कप हलवून दाखवला की पुरे झालं. नाहीतर यजमान ओततच राहतो. इतकी वर्षं तिथे काढलेल्या प्रेमाला हे काय ठाऊक नव्हतं? पण गप्पा रंगात आल्या होत्या. सूरच्या मासळीपासून मस्कतच्या घरभाड्यापर्यंत सगळे विषय झाले. मध्ये स्टेशनं आली आणि गेली, आतून मागच्या डब्यांत जायला वाट नव्हती तरी खाली उतरून जाता आलं असतं, पण बाईसाहेबांचा कप काही हलला नाही.

एका स्टेशनावर गाडी जरा जास्त वेळ थांबली. भोंग्यातून जर्मन भाषेत काहीतरी सांगितलं गेलं. मग गाडी हलली आणि प्रेमाने सहज बाहेर बघितलं. प्लॅटफॉर्मवरून दोन्ही खांद्यांवर बॅगा घेतलेली रेवा हात हलवत धावत होती. तिच्या मागे अर्धी गाडी तशीच उभी होती.

गाडीचे दोन तुकडे झाले होते. मागचा इन्सब्रुकला जाणार होता, पुढचा भलतीकडेच निघाला होता. फोन नाही, भाषा नाही. आणि तिच्या डोळ्यांसमोर आली ती स्वतः नाही, रेवा आली. पोर तिकडे घाबरून रडत बसली असणार. "या अल्ला," नसीबा म्हणाली आणि नवऱ्याचा हात धरून बसली.

थोड्या वेळाने तिकीट तपासनीस शोधत शोधत आला. प्रेमाची जांभळी शाल आणि कपाळावरची टिकली बघून हसला आणि त्याने आपला फोन तिच्या हातात दिला. पलीकडे रेवा स्टेशनातल्या कुणाशी तरी घडाघडा जर्मन बोलत होती. समोरचा माणूस हसला, तीही हसली. मग फोनवर आली. "आई, पुढच्या स्टेशनला उतर. समोरच्या प्लॅटफॉर्मवर जा. पहिली ट्रेन येईल, त्यात बस. मी इथेच उभी आहे."

"माझ्याबरोबर दोन माणसं आहेत गं. म्हातारी."

"त्यांना पण घेऊन ये. मी बघते."

मी बघते! प्रेमाने फोन तपासनिसाला परत दिला आणि नसीबाची पिशवी उचलली.

परतीच्या गाडीतून तिघं उतरली तेव्हा रेवा बर्फात उभी होती, नाक लालबुंद. आईला बघताच तिचा बांध फुटला, पण रडण्याचा नव्हे. "तुका सांगलेलंय मा, जाग्यार बस म्हणान? खंय खंय शोधू तुका?" असं अस्सल वेंगुर्ल्याच्या बोलीत ती भर प्लॅटफॉर्मवर ओरडली. एकदाही अडखळली नाही. आपणच आजवर हिला असं झापत आलो, हे प्रेमाच्या ध्यानात आलं. तिला राग आला नाही. उलट कौतुकच वाटलं.

मग रेवाने म्हाताऱ्याचा हात धरून त्याला गाडीत चढवलं, खिडकीशी बसवलं, आणि बर्फावर पाय सपाट टेकून कसं चालायचं ते तिघांनाही शिकवलं. इन्सब्रुकला उतरल्यावर घरांच्या छपरांमागे एकदम डोंगर उभा राहिला, पांढराशुभ्र, आणि म्हातारा डोळे पुसत बघत बसला. नसीबाने रेवाच्या डोक्यावर हात ठेवला. "माशाल्ला! किसकी बेटी है?"

"मेरी," प्रेमा म्हणाली. हा शब्द ती इतक्या ताठ मानेने याआधी कधीच बोलली नव्हती.

नदीच्या पुलावर मायलेकी दोघीच उभ्या असताना तिने विचारलं, "ते दोन पेपर परत कधी द्यायचे आहेत?"

"फेब्रुवारी."

"मग जानेवारीत माझ्याबरोबर कशी येशील तू? अभ्यास कोण करणार?"

रेवाने आईला अशी घट्ट मिठी मारली की येणारेजाणारे वळून हसले.

मस्कतच्या विमानतळावर दयानंद दुक्मवरून थेट येऊन उभा होता. ट्रॉली ढकलत प्रेमा एकटीच बाहेर आली तशी तो तिच्या मागे, आणखी मागे बघायला लागला. "चेडू खंय?"

"येवक नाय."

"अगो, हाडूक गेल्लंस मा ताका? एकट्या थंय हरवतला ता!"

"हरवलेलंय मी," प्रेमा मोठ्याने म्हणाली, आजूबाजूचे चार लोक ऐकतील अशी. "तेना माका शोधून हाडल्यान."