अर्ध्या जोडाचं बिल

या, जवळ सरका, पाय मोकळे सोडून बसा. पायाचीच गोष्ट सांगणार आहे. भगवंताने माणसाला दोन पाय दिले आणि सरकारने गृहीत धरलं की ते जन्मभर दोनच राहतात. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

एका बूटवाल्याने विक्रीकराचा नवा क्रमांक घेतला. दुकान चिंचोळं, दारात शिवणयंत्र, मागे लाकडी साचे, आणि बिलं करायला बायको. पहिलं बिल निघालं ते त्याच्या मामांचं. मामा निवृत्त टपालवाले, डावा पाय गुडघ्यापासून गेलेला, काखेत कुबडी. बूटवाल्याने हाताच्या सवयीने दोन्ही बूट शिवले होते. मामांनी एकच नेला, डावा फळीवर बसला. बायकोने बिलात नीट लिहिलं: उजवा बूट, एक नग. किंमत, कर, तारीख, सगळं जागच्या जागी.

करसाहेब तपासायला आले. माणूस सज्जन, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बुटांचं माप जोड," ते म्हणाले. "नग चालत नाही. दुरुस्त करा, नाहीतर क्रमांक रद्द. मग दुकान बंद."

"अर्धा जोड लिहू?" बायकोने विचारलं.

"कचेरीतलं यंत्र अर्धं घेत नाही."

"अहो, पण मामांना पायच एक आहे."

"असेल. तसा रकाना नाही."

बूटवाल्याने साच्यांकडे बघितलं. घर याच दुकानावर चालत होतं. "पूर्ण जोड लिही बाई, आणि मिटव," तो म्हणाला. फरकाचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून घातले.

नवं बिल हातात घेऊन साहेबांनी फळीकडे बोट दाखवलं. "हा डावा विकला गेलाय. मग इथे कसा? बिल झालं आणि माल दिला नाही, हे तर आणखी वाईट. गुरुवारी येतो. दोन्ही बूट गिऱ्हाइकाच्या वापरात दिसले पाहिजेत."

डावा बूट मामांच्या घरी पोचवला. "आता पाय कुठून आणू?" मामा म्हणाले. "पेन्शनीत बसायचा नाही."

"काहीही करा मामा, पण घाला," बायकोने हात जोडले.

"हात खाली कर आधी. जोड दिसला की कर लागतो."

गुरुवारी मामा दुकानात आले. उजव्या पायात उजवा बूट, आणि कुबडीच्या टोकाला, आत चिंध्या ठासून, डावा.

साहेबांनी चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं. "डावा डाव्या बाजूला आहे," ते पुटपुटले. "वापरातही आहे." तेवढ्यात त्यांना सुटलेली नाडी दिसली. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फरशीवर गुडघा टेकला आणि कुबडीच्या बुटाची नाडी बांधून दिली. "पडाल हो," म्हणाले. मग उठून बिलावर सही केली. बूटवाल्याच्या जिवात जीव आला.

"कुबडी आता घसरत नाही," मामा म्हणाले. "सरकारची कृपा."

साहेब दारापर्यंत गेले आणि वळले. "पण कुबडीचा बूट म्हणजे वैद्यकीय साधन. त्याचा दर..." त्यांची नजर आपणच मारलेल्या गाठीवर गेली. वाक्य तसंच ठेवून ते पायऱ्या उतरले.

नियमाच्या माणसाला अर्धं वाक्य सोडून जाणं किती जड गेलं असेल. भगवंताकडे अर्ध्याचीही नोंद होते, अशी माझी श्रद्धा आहे. तेव्हा उद्या सकाळी बुटाची नाडी बांधाल, तेव्हा त्या करसाहेबांची घडीभर आठवण काढा.