कोरी टेकडी

कचेरीत सगळे त्यांना रेघकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटाला तेवढं ठाऊक होतं. काकांनी नुसत्या हातानं मारलेली रेघ कुणी पट्टी लावून तपासली तर पट्टीच वाकडी निघेल, असं लोक म्हणायचे, आणि काकांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. शहराच्या पाणीखात्याचे नकाशे त्यांनी उभी हयात शाईनं काढले, तिरक्या टेबलापुढे वाकून. मग एके दिवशी ते टेबल माळ्यावर गेलं आणि त्याच्या जागी संगणक आला. काकांना वाटलं, टेबलाबरोबर आपल्यालाही वर टाकलं असतं तर बरं झालं असतं.

संगणकावर नकाशे करायला शिकवण्यासाठी एक बाई आल्या. वयानं काकांच्या लेकीएवढ्या, आवाज मऊ, पण एक गोष्ट चारदा सांगायची तयारी. काकांचा अपमान व्हायला तेवढं पुरे होतं. माऊस त्यांच्या हाताखालून निसटायचा, एका टिचकीच्या जागी दोन पडायच्या आणि अख्खं शहर पडद्यावरून नाहीसं व्हायचं. शेजारचा कारकून खोकल्याच्या आडून हसायचा. बाईंनी विचारलं, "काका, कळलं ना?" की काका मान डोलवायचे. न कळलेल्या गोष्टीला मान डोलवण्यात ते इतके तयार झाले होते की त्यात त्यांना परीक्षा द्यायला हरकत नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्या झटक्यात आवडली. शहराच्या एकेका वस्तीसमोर एकेक आकडा लिहायचा, आकडा लहान तर रंग फिका, मोठा तर गडद, आणि बटण दाबलं की सगळा नकाशा आपोआप रंगतो.

"एक लक्षात ठेवा, काका," बाई म्हणाल्या, "बघणारा आकडे वाचत नाही. तो रंग वाचतो."

आणि त्याच दिवशी त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती. ज्या वस्तीची माहितीच आलेली नाही, तिला शून्य समजायचं नाही. तिच्यावर करड्या तिरक्या रेघा मारायच्या आणि खाली सूचीत स्पष्ट लिहायचं, माहिती नाही. तेव्हा काका उत्तर दिशेचा बाण काढण्यात गुंग होते. साधा बाण नव्हे, शेपटाला पिसं असलेला. पालथ्या घड्यावर पाणी! कानांवर पडलं तेवढंही त्यांना पुरेसं वाटलं. मनात म्हणाले, 'ही मुलगी मला काय शिकवते? मोजणी न झालेला भाग कोरा सोडायचा, हे मला हिच्या जन्माआधीपासून माहीत आहे.'

आणि ते खोटं नव्हतं. शाईच्या काळात खात्याचा तो नियमच होता. जिथं मोजणीवाल्याचा पाय पडला नाही, तिथं शाई लावायची नाही. कोरा कागद म्हणजे 'आम्हांला ठाऊक नाही'. खात्यातल्या शिपायालाही हे कळायचं. पण तो शिपाई केव्हाच निवृत्त झाला होता, आणि त्याच्याबरोबर तो नियमही.

त्या सुमारास शहरातले नळ बिघडले होते. कुठं पाण्याला वास, कुठं गढूळपणा, कुठं कावीळ. खात्याची गाडी वस्तीवस्तीतून बाटल्या भरून आणत होती. साहेबांनी ठरवलं की शेकडा किती बाटल्या दूषित निघतात याचा नकाशा करायचा आणि जिथला रंग सर्वांत गडद, तिथले पाइप आधी बदलायचे. नकाशाचं काम त्यांनी मुद्दाम काकांना दिलं. "बघू या, शिकलात का ते," असं हसत म्हणाले. काकांना ते हसणं झोंबलं.

काकांनी जीव ओतून नकाशा केला. पिसांचा बाण, दुहेरी चौकट, फिक्या पांढऱ्यापासून गडद तांबड्यापर्यंत पाच छटा. टेकडीवरच्या वस्तीचे नमुने आले नव्हते, कारण तिकडचा रस्ता खणलेला होता आणि गाडी वर चढत नव्हती. काकांनी टेकडी कोरी सोडली. जुन्या सवयीनं, अगदी सचोटीनं. सूचीत मात्र पांढऱ्या चौकोनासमोर लिहिलं होतं, दूषित नमुने नाहीत.

सभेत नकाशा भिंतीवर झळकला. साहेब जवळ गेले आणि टेकडीवर बोट ठेवून म्हणाले, "वा! टेकडी एकदम स्वच्छ. चला, एक काळजी मिटली."

टेकडीवर काकांची थोरली बहीण राहत होती. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. तिच्या नळाचं पाणी कसं आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं, कारण तिच्याकडे जाताना ते पिशवीत स्वतःची बाटली घेऊन जायचे. बोलायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब सगळ्यांकडे वळले.

"आणि हे कुणी केलंय माहीत आहे? आपल्या रेघकाकांनी! या वयात, या संगणकावर!"

टाळ्या वाजल्या. खोकणारा कारकूनही वाजवत होता. काकांचं तोंड उघडलेलंच होतं, ते त्यांनी हसायला वापरलं.

बाई त्या दिवशी रजेवर होत्या. परत आल्यावर त्यांनी फलकावरचा नकाशा पाहिला आणि हळूच विचारलं, "काका, टेकडीचे नमुने आले होते का?"

"आले की," काका म्हणाले, आणि बाणाची पिसं किती बारीक आलीत ते दाखवू लागले. बाईंनी पिसं पाहिली आणि काकांकडेही पाहिलं. त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही, पण सकाळी वर्तमानपत्रात तोच नकाशा छापून आला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. माणूस असा असतो, काय करणार!

नवे पाइप दुसऱ्याच भागात उतरू लागले. काका रोज ठरवायचे, आज साहेबांना सांगू. मग कुणीतरी म्हणायचं, "काका, काय नकाशा केलात हो," आणि ते मूग गिळून बसायचे. पुढं ताईचा निरोप आला की अंगात कणकण आहे, येऊन जा. बाटली पिशवीत टाकून काका टेकडी चढले.

आत शिरताच त्यांना भिंतीवर आपला नकाशा दिसला. वर्तमानपत्रातून नीट कापून, पुठ्ठ्यावर चिकटवलेला.

"ये," ताई म्हणाली. तिचा चेहरा सुकला होता, पण नकाशाकडे बघून खुलला. "सगळ्या आळीला दाखवला मी. म्हटलं, माझ्या भावानं काढलाय. पलीकडची नवी भाडेकरीण पाणी उकळत बसायची, तिला म्हटलं, कशाला गॅस जाळतेस? आपली टेकडी बघ कशी पांढरीशुभ्र आहे. मीही बंद केलं उकळायचं."

काका खिडकीच्या उजेडात तिच्याकडे बघत होते. ताईचे डोळे पिवळे होते.

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"गेले होते. म्हणतो, कावीळ आहे, पाणी उकळून प्या. मी म्हटलं, अहो, पाणी चांगलं आहे, खात्यानंच सांगितलंय, तुम्ही दुसरं काहीतरी शोधा." ती कष्टानं उठली, नळाखाली पेला धरला आणि तो काकांच्या हातात दिला. "आज तुझी ती बाटली काढायची नाही. मला काय दिसत नव्हतं इतकी वर्षं? पण वाईट नाही वाटलं हो कधी. आता तरी बहिणीच्या घरचं पाणी पी."

पेला हातात धरून काका उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते काय असतं ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी पेला मोरीत ओतला.

"ताई, हे पाणी पिऊ नकोस. कुणीच पिऊ नका. टेकडीचं पाणी कुणी तपासलेलंच नाही. माहिती नव्हती म्हणून मी कोरं सोडलं, आणि साहेबांना ते स्वच्छ वाटलं."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सगळे टाळ्या वाजवत होते, गं."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी चोरी पकडल्यावर बघायची तसं नव्हे. तेव्हा तिच्या रागात माया असायची.

"आणि टाळ्या थांबल्यावर?" तिनं विचारलं.

काकांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, बाईंशी खोटं बोललो तेही. साहेब म्हणाले, "गाडी चढत नसली तरी नमुने आणायला माणूस चालत पाठवतो. पण पाइप दुसरीकडे उतरलेत, काका. ते आता कसे उचलू?" काकांनी दुसरा फोन बाईंना केला.

"त्या करड्या रेघा कशा मारायच्या?" ते म्हणाले. "तुम्ही शिकवलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. मला येत नाही."

बाईंनी सांगितलं. न रागावता, चारदा सांगायच्या तयारीनं. काकांना रागावलेलं चाललं असतं.

फोन ठेवला तोवर ताईनं भिंतीवरचा पुठ्ठा काढला होता आणि पायात चपला घातल्या होत्या.

"तू कुठं निघालीस? पडून राहा."

"दारं मी वाजवते," ती म्हणाली. "सांगायचं तू."

पहिलं दार पलीकडचीचं होतं. ताईच्या हातातला पुठ्ठा बघून ती हसली आणि मग तिची नजर मागं मान खाली घालून उभ्या असलेल्या काकांकडे गेली.

"हे कोण हो?"

आयुष्यभर या प्रश्नाचं ताईचं एकच उत्तर होतं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत ते तोंडातून निघायचं. काका त्याची वाट बघत राहिले.

"नकाशा काढणारे," ताई म्हणाली, आणि बाजूला सरकली.