रानकोंबड्याची पिसं

१९९६ सालचा तो रविवार. नोएडाच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बाबा गळाला रानकोंबड्याची पिसं बांधून मासेमारीसाठी खोटी माशी करत बसले होते. ते फौजेतले निवृत्त सुभेदार, मी वन खात्यात कारकून.

“बाबा, ही पिसं घरात ठेवणं गुन्हा आहे. किती वेळा सांगू?”

“कोंबडा मेला तेव्हा तुझा कायदा जन्मला नव्हता.”

“पण मारलात कशाला?”

“मारला कर्नलसाहेबांनी. मी फक्त खाल्ला.”

“माझी नोकरी जाईल.”

“अच्छा, मग मलाच अटक कर. आत चहा मिळतो ना?”

मी वैतागून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत ते कोसळले आणि गेले.

तेराव्यानंतर मी सगळी पिसं वन्यजीव कार्यालयात जमा करायला नेली. पिशवीत बाबांच्या माश्यांची डबीही पाहून तिथले बाबू म्हणाले, “मक्खियाँ भी देनी होंगी, मॅडम.” तेवढ्या तरी मला ठेवायच्या होत्या. पण नियम मला पाठ होता. मी एकेक माशी टेबलावर ठेवत गेले. इंचभर गळावर त्यांनी किती बारीक दोरा गुंडाळला होता.

“किसने बनाई हैं?”

“मेरे पिताजी ने,” मी म्हटलं, आणि मग मराठीतच, मोठ्याने, “बाबा, मला हे तुमच्याकडून शिकायचं होतं.”