चौरंगाचा चौथा पाय

त्या रविवारी उज्ज्वलाला चैन पडेल तर शपथ. चहा गाळताना निम्मा ओट्यावर सांडला, नवऱ्याने मीठ मागितलं तर साखरेचा डबा पुढे केला. डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीत आज मालतीबाईंकडे कानबाई बसणार होती आणि देवीखालचा चौरंग हिने केला होता. केला होता म्हणजे काय, बिघडवला होता.

मिरवायची हौस हिलाच. घरबसल्या साड्यांवर स्टोन चिकटवायचं सोडून भेस्तानला काशिनाथ मिस्तरींच्या हाताखाली सुतारकाम शिकायला गेली. वर्षही झालं नाही तोच मालतीबाईंना सांगून बसली, "यंदाचा चौरंग माझा." वर मिस्तरींनाच बजावलं, "काका, याला तुम्ही हात लावायचा नाही." म्हातारा म्हणाला, "बरं बाई, नाही लावत."

आणि एक पाय आखूड कापला गेला. तेव्हाच सांगितलं असतं तर काय नाक कापलं जाणार होतं? पण नाही. बाईसाहेबांनी खाली पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला, वरून पॉलिश फासलं आणि शनिवारी मिस्तरींची नजर चुकवून चौरंग पोचता केला.

आता डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. चौरंग डुगडुगतोय, कलश कलंडतोय, नथ घातलेला नारळ जमिनीवर घरंगळतोय. नको देवा. शेवटी तिने पदर खोचला आणि मालतीबाईंकडे निघाली. खरं सांगून टाकायचं, मग गल्लीने तोंडात शेण घातलं तरी चालेल.

देवी अजून मांडायची होती. चौरंग नुसताच भिंतीशी ठेवलेला. तिने दोन्ही हातांनी हलवून पाहिला. ढिम्म. वाकून पाहिलं, तर चौथा पाय तिचा नव्हताच. जुन्या, काळपट सागाचा होता.

"तुना मिस्तरी सकायमाच ईसन ग्या," मालतीबाई केळीचे खांब बांधता बांधता म्हणाल्या. "पॉलिशचा हात राहिला होता म्हणे. काम तुझंच, असं दोनदा सांगून गेला."

उज्ज्वला तशीच रिक्षात बसली आणि भेस्तान गाठलं.

काशिनाथ मिस्तरी उभ्याने रंधा मारत होते. गुडघे गेलेला माणूस, कधी उभ्याने काम करत नसे. त्यांचं बसायचं स्टूल कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. त्याला तीनच पाय होते.

तिला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं भरून आलं, की रडावं की पाया पडावं तेच कळेना.

"मी म्हटलं होतं ना, हात लावू नका," ती कशीबशी म्हणाली.

"तुझ्या कामाला कुठं लावला? तुझे तीन पाय तसेच हायेत की."

"मी मालतीबाईंना खरं सांगणार आहे."

"सांग. पण आधी माझ्या स्टुलाला पाय कर. लई दुखायलेत गुडघे."

उज्ज्वलाने लाकूड निवडलं, ते स्टुलाच्या उरलेल्या पायाशी धरून खूण केली, पुसली, परत केली. करवत उचलली आणि खाली ठेवली.

"काका," ती म्हणाली, "कापायच्या आधी जरा बघता का?"

म्हातारा भिंतीला धरत तिच्याजवळ आला.