पाटीमागचे पूर्वज

दुपारचे तीन वाजले, ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आलं, की बंद पडलेल्या छापखान्याच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नसायची. पुढे पंचवीस-तीस पोरं, त्यांच्या मागे आया, बाप, आजोबा, शेजारीपाजारी. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या भल्यामोठ्या लाकडी पाटीवर. तिच्यावरचं छापखान्याचं नाव केव्हाच उडून गेलेलं, नुसती फळी उरलेली. आणि त्या फळीखाली खुर्ची टाकून बसलेले भिंतबाबा.

"शांत! आता बोलतील," बाबा म्हणायचे.

माणसं श्वास रोखून धरायची. मग पुढचं एखादं पोर हात वर करायचं, "आला, आला आवाज!" मग दुसरं, तिसरं, बघता बघता सगळे हात वर. पोरं खोटं बोलत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. त्यांना खरंच ऐकू येत होतं. बारीक, टोकदार, टिकटिक-चिरचिर असं काहीतरी. मागे उभ्या असलेल्या थोरामोठ्यांना मात्र ढिम्म काही नाही.

बाबांचं डोकं चाललं ते इथेच. डोळे मिटून ते सांगायचे, "गेलेली माणसं बोलताहेत. निष्पाप कानालाच ऐकू येतं. ज्याच्या मनात गाठ, त्याच्या कानात बोळा!"

आता एवढं ऐकल्यावर कोण मान्य करणार, की मला नाही बुवा ऐकू येत? चार दिवसांत अर्ध्या मोठ्या माणसांना ऐकू यायला लागलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला तर आजोबांचा खोकलासुद्धा ओळखू आला. पोरांना नुसता आवाज यायचा, त्याचा अर्थ लावण्याचं खातं बाबांकडे. "तुझा थोरला भाऊ म्हणतोय, आईची काळजी घे." अहो, कुणाचा थोरला भाऊ असं म्हणणार नाही?

माझा धंदा कान तपासण्याचा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी लोकांच्या कानांना हेडफोन लावते आणि 'ऐकू आलं की बोट वर करा' हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा म्हणते. त्यामुळे भिंतीच्या गप्पा कानावर आल्या तेव्हा मी पोट धरून हसले. पण हे लचांड आमच्याच घरात शिरलं आणि माझं हसू आटलं.

माझी आई एकसष्ट वर्षांची. त्याच छापखान्यात तिने उभा जन्म पुस्तकांची बांधणी केली, आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. छापखान्यासमोर घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत, अप्पांचे जुने मित्र. तेही एकटेच. आईचं घड्याळ महिन्यातून तीनदा बंद पडायला लागलं तेव्हाच मी काय ते ओळखलं होतं. पुढच्या शुक्रवारी दोघांच्या लग्नाची नोंदणी होती.

त्या सोमवारी आई घरी आली ती तडक कपाटाकडे गेली. शुक्रवारसाठी आणलेल्या नव्या चपला तिने खोक्यात घातल्या, खोक्याला सुतळी बांधली आणि खोकं माळ्यावर टाकलं.

"काय झालं गं?"

"मी लग्न करत नाहीये."

"काका काही बोलले?"

"ते कशाला बोलतील? तुझे अप्पा बोलले. भिंतीतून. भिंगरीलाही ऐकू आलं, मला नाही आलं." तिने उरलेली सुतळी बोटाला गुंडाळली. "भिंतबाबा म्हणाले, तुम्ही त्यांची जागा दुसऱ्याला द्यायला निघालात म्हणून ते तुमच्याशी बोलत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आईवर ओरडून काय उपयोग? मी भिंगरीला, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, गच्चीवर नेलं.

"खरं सांग, अप्पाआजोबा बोलत होते?"

"छे गं! कुणीतरी भांडत होतं. खूप जण. बारीक बारीक आवाजात. आजोबा कुठे भांडायचे?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटी काढून मी आवारात जाऊन उभी राहिले. मला काही ऐकू आलं नाही. मीही पस्तिशी ओलांडलेली. मग मी कागद काढला आणि कोण कबूल करतंय, कोण नाकारतंय ते टिपत गेले. तीन सायकली लांबवणारा सतरा वर्षांचा उनाड ऐकत होता. अगदी लख्ख! आणि आयुष्यात एकदाही खोटी रजा न घेतलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय बहात्तर, मान खाली घालून म्हणत होत्या, "नाही हो येत मला. माझ्या हातून काय पाप झालं असेल?" पंधराच्या आतली सगळी पोरं हो म्हणत होती. विशीतले पुष्कळसे हो म्हणत होते. पन्नाशीतले जे हो म्हणत, ते आधी शेजाऱ्याकडे बघत आणि मग म्हणत.

ही यादी पापाची नव्हती हो, वयाची होती! वय वाढतं तसे सगळ्यात उंच सूर कानातून आधी निसटतात. तिशीनंतर हे सुरूच होतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण बोलण्याचालण्यात ते सूर लागतच नाहीत. माझ्या खोलीत हे मी रोज बघते. म्हणजे आवाज खरा होता, फार उंच होता, आणि तो काढणारं कुणीतरी त्या फळीमागे होतं.

फळीखालच्या खिडकीच्या कठड्यावर काळे, तांदळाएवढे दाणे पडले होते. कागदात धरून चुरडले तर भुगा झाला, आणि भुग्यात चमचमणारे कण. उंदराची लेंडी अशी चुरत नाही. हे चमचमणारे कण किड्यांचे पंख होते.

संध्याकाळी मी काकांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दिवस मावळला आणि फळीच्या खालच्या फटीतून एक घसरलं, उडालं. मग दुसरं. मग रांगच. अंगठ्याएवढी वटवाघळं, ज्यांना काही जण पाकोळ्या म्हणतात. काकांनी सवयीने मोजली. रोज बघायचे ते, पण दुपारच्या आवाजाशी त्यांचा संबंध त्यांनी कधी जोडला नव्हता.

"एकशे त्र्याऐंशी," ते म्हणाले. मग बराच वेळ हातातला चिमटा पुसत राहिले. "मी तिला आग्रह करणार नाही. पण तुझे अप्पा माझ्यावर रागावलेत असं ती म्हणाली ना, ते लागलं गं मनाला."

मग माझ्यातली खट्याळ बाई जागी झाली. बुधवारी मी भिंतबाबांसमोर हात जोडून उभी राहिले. "बाबा, तुमच्यासारखे कान मी उभ्या कारकिर्दीत पाहिले नाहीत. उद्या इथेच यंत्र लावून तपासते. लेखी दाखला देते, शिक्क्यासकट. खुर्चीमागे लावा."

दाखला म्हटल्यावर बाबांचा चेहरा असा खुलला! "आम्हाला प्रमाणाची गरज नाही," ते म्हणाले. "पण शिक्का मोठा असू द्या."

गुरुवारी, ऊन कलल्यावर, टेबलावर यंत्र मांडलं. एक हेडफोन भिंगरीच्या कानाला, एक बाबांच्या. दोघांना एकच सूर. गर्दी चिकटून उभी; आईही मागे होती, काकांपासून चार हात लांब.

खालचे सूर दोघांनाही आले. मी सूर चढवत नेला. भिंगरीचा हात वर जाई आणि बाबांचा हात तिच्या मागोमाग, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून. मग मी भिंगरीची खुर्ची त्यांच्या पाठीमागे फिरवली. आता भिंगरीचा हात वर गेला की बाबा मख्ख, आणि ती गप्प असली की बाबांचा हात वर.

"बाबा, आता सगळ्यात पवित्र सूर," मी म्हणाले, आणि टेबलाखाली बाबांच्या हेडफोनची पिन यंत्रातून उपसून काढली.

बाबांनी डोळे मिटले. हात वर गेला. "आला! एक वृद्ध स्त्री बोलते आहे… मागे पाणी वाहतंय… ती म्हणते आहे, लेकरांनो, श्रद्धा ठेवा!"

मी पिन उंच धरली. वायर बाबांच्या कानापासून माझ्या मुठीपर्यंत लोंबत होती.

क्षणभर कुणाच्या लक्षात येईना. मग मुख्याध्यापिका बाई मोठ्याने हसल्या. "अहो, वायर हातात आहे तिच्या! म्हणजे मला ऐकू येत नव्हतं आणि मी खरं सांगत होते! यांना ऐकू येत नाही आणि हे भाषण देतात!"

"यंत्र बाटलेलं आहे!" बाबा कडाडले. "भिंतीत आत्मे आहेतच!"

"आहेत ना," मी म्हणाले. "फक्त दिवस मावळेपर्यंत थांबा. बाहेर आले की आपापला पूर्वज ओळखून घ्या."

कुणी हललं नाही. दिवस मावळला, फटीतून पहिलं अंगठ्याएवढं काळं घसरलं आणि थेट बाबांच्या टोपीवरून गेलं. मग रांग लागली. न्हावी तोंडाचा आ करून बघत होता. "आजोबा कुठले यातले?" कुणीतरी त्याला विचारलं, तेव्हा तो गर्दीतून काढता पाय घेत होता.

"ते आत्मेच! वटवाघळाच्या रूपात!" बाबांनी शेवटचा डाव टाकला.

"मग ते रोज तुमच्या खुर्चीवर लेंडी का टाकतात?" भिंगरीने विचारलं. तिचं खरंच कुतूहल होतं. बाबा टोपी झटकायला लागले, आणि लोकांना हसू आवरेना.

पण माणसाची जात बघा. हसू ओसरलं आणि दोघांनी काठ्या उचलल्या, एकजण धुरासाठी चिंध्या गोळा करायला लागला. "अपशकुनी घाण! हाकला!"

मी फळीखाली आडवी उभी राहिले. "काल हात जोडत होता, आज काठ्या? त्यांनी कधी म्हटलं होतं, आम्ही तुमचे आजोबा? आत त्यांची पिल्लं आहेत, अजून उडता न येणारी. या सगळ्या आया आहेत, ऊब लागते म्हणून या तापल्या फळीमागे जमल्यात. दुपारी फार तापतं, दाटी होते, म्हणून कटकट करतात. रात्रभर आपले डास, किडे खातात, कुणाला चावायला येत नाहीत. उघड्या हाताने मात्र धरायचं नाही. चुकून चावलंच तर साबणाने धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. बाकी त्यांना त्यांच्या जागी राहू द्या. पिल्लं उडाली की त्या आपण होऊन जातील."

काठ्या खाली गेल्या. लोक पांगले. बाबा कधी सटकले कळलंच नाही.

आई तिथेच उभी होती. दुपारी मी फळीखाली मोबाइल धरून आवाज टिपला होता आणि तो आठपट संथ केला होता, म्हणजे उंच सूर आपल्या कानाच्या टप्प्यात उतरतो. तो ऐकवायला मी आईच्या कानाला हेडफोन लावला.

ती ऐकत राहिली. "हे काय गं? कुणीतरी एकसारखं बोलावतंय."

"पिल्लू. एवढ्या गर्दीत आई नेमका आपल्याच पिल्लाचा आवाज ओळखते."

आईने हेडफोन काढला. "म्हणजे तुझे अप्पा माझ्यावर रागावले नव्हते."

"नाही."

"आणि बोललेही नव्हते."

"नाही गं आई."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, खोटा का होईना, होता तो एक आवाज मी तिच्याकडून काढून घेतला. मला फार वाईट वाटलं. मग तिने नाक पुसलं आणि एकदम चिडली. स्वतःवरच. "माझीही कमाल आहे! एकतीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने माझी तक्रार कधी तिसऱ्याकडे केली नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी मलाच सांगायचा. त्याला काही बोलायचं असतं तर त्या टिकोजीरावाची मध्यस्थी लागली असती? हे माझ्या डोक्यात यायला नको होतं?"

तेवढं म्हणून ती काकांकडे वळली. "माळ्यावरचं खोकं काढायला माझा हात पोचत नाही. येता का?"

शुक्रवारी नव्या चपला घालून आईने सही केली. काकांचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं, हे मी मुद्दाम नोंदवते.

मंडळी, साधी गोष्ट आहे. ऐकू आलं नाही तर 'नाही आलं' म्हणायला शिका. शेजाऱ्याकडे बघून हात वर करू नका. पोरं हो म्हणाली तर काय ऐकलं ते पोरांनाच विचारा, खुर्चीवरच्याला नको. आणि तुमच्या मेलेल्या माणसाच्या नावाने कुणी बोलायला लागला, तर आधी आठवून बघा, की तुमचं माणूस जिवंतपणी असं बोलायचं का.

पिल्लं उडाली, पाटीमागची जागा रिकामी झाली. भिंतबाबांच्या दोन्ही कानांचा अहवाल मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. वयाच्या मानाने जसे असावेत तसेच कान आहेत, शिक्का मोठाच मारलाय. ते बाजारात दिसले की मी हाक मारते, "बाबा, दाखला घेऊन जा!" ते चालण्याचा वेग वाढवतात. माझी हाक तर मुळीच उंच सुरात नसते.