चुलीची कड कुणी खाल्ली?

मी चूल. हो, मीच बोलतेय. जन्मभर तोंड उघडं ठेवून बसले, फुंकणीचं वारं खाल्लं, घरातल्या सगळ्या कागाळ्या ऐकल्या. आता दोन शब्द माझेही ऐका. शिक्षण म्हणाल तर अर्धंमुर्धं. पोरं माझ्या उजेडात पाढे म्हणायची आणि सतराच्या पाढ्याला पेंगायची. माझी शाळाही तिथंच सुटली.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर वाळव्याकडच्या एका गावात रंगूबाईनं मला घातलं. वारुळाची माती, शेण, भुसा आणि तिच्या तोंडच्या शिव्या, असा माझा मसाला. शिव्यांमुळंच चुलीला भेग पडत नाही, असं ती सांगायची. तिचा मुलगा नाथाजी तालमीत घुमायचा आणि घरी येऊन भाकरी मोडायचा. त्या भाकरी थापायची सून, विजयमाला. दोन पोरांची आई. सारे तिला माला म्हणत. ती मला सारवायची ते लेकराला न्हाऊ घातल्यासारखं.

बायकांना महिन्यातले चार दिवस माझ्याजवळ यायची बंदी. कावळा शिवला म्हणायचं आणि बाजूला घोंगड्यावर बसायचं. कावळा बिचारा शेतात दाणे टिपत असायचा, नाव मात्र त्याचं! मालाचा कावळा चार दिवसांनी उडेना. आठ झाले, दहा झाले. इकडं रंगूबाईच्या बोटांना चटके बसू लागले.

"आमी काय बाया न्हवतो व्हय?" ती गरजली. "चार दिस झालं की उठत हुतो. हिला आयतं खायाची चटक लागलीया."

पुढच्या खेपेला माला पाचव्या दिवशी न्हाली आणि गपचूप माझ्यापुढं येऊन बसली. कावळा होता तसाच होता. मला कसं कळलं? कापडाच्या घडीत घालायला ती माझी राख न्यायची. भांडी घासायला राख पुरेना. मी वाट बघत बसले, आता बाटते, मग बाटते. कसलं काय! भाकरी टम्म फुगली, नाथाजीनं सहा हाणल्या आणि वर ढेकर दिला.

मग एक नवल घडलं. पीठ मळता मळता मालानं माझ्या वैलीची, म्हणजे बाजूला जोडलेल्या धाकट्या चुलीची, कड मोडली आणि तोंडात टाकली. मी एवढ्यांना जेवू घातलं, पण मलाच खाणारी ही पहिली! खरं सांगते, मी फुगले. वाटलं, काय माझी चव!

आधी खडा, मग मूठ. जशी माझी कड उतरली, तसा तिचा रंगही उतरला. ओठ पिठासारखे. घागर आणली की उंबऱ्याशी धापा टाकत भिंत धरून उभी. मग माझा तोरा गेला. वैल पुन्हा घालता येते; माला कुठनं आणायची?

रंगूबाईनं मात्र चोर ओळखला. "घूस लागलीया चुलीला!" खोबऱ्याचा तुकडा लावून तिनं वैलीशी सापळा मांडला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी खट्‌कन आवाज आला. मालाचं बोट सापळ्यात, आणि तोंडात मी!

रंगूबाई बघतच राहिली. मग खुदकन हसली. "अगं बया, माती खातीया! डोहाळं लागल्यात, आन् मला सांगायचं न्हाई व्हय?" तिनं बोट सोडवलं, फुंकर घातली, हातात चिंचेचा गोळा कोंबला आणि दारातून हाळी दिली, "हुसेनबी, हिरवा चुडा घिऊन ये गं!"

शेजारची हुसेनबी बांगड्या भरायची. तिनं मालाचा हात धरला, दाबला आणि थबकली. "रंगूबाई, चुडा ऱ्हाऊ दे. हिच्या नखात रगत न्हाई. हात हाय का कापूस?"

"डोहाळ्यात हुतंय तसं."

"आत्याबाई," माला खाली बघत म्हणाली, "डोहाळं कुठनं लागत्याल? थांबतच न्हाई तर. महिन्यातनं चार दिस बी कोरडं जाईनात. तुमी बोलशीला म्हणून..." ती उठायला गेली आणि माझ्या पुढ्यात कोसळली.

रंगूबाईच्या तोंडून शिवी निघाली नाही. तेव्हा मी घाबरले.

मिरजेच्या दवाखान्यातलं मी पाहिलं नाही, चूल एस.टी.त बसत नाही. पण रंगूबाईनं माझ्यापुढं बसून ते अख्ख्या गावाला ऐकवलं. डॉक्टरीणबाईंनी मालाची पापणी खाली ओढली, आत लाली नाही; म्हणाल्या, रक्त बारा पाहिजे तिथं चार आहे, ही आजवर चालत होती कशी? पिशवीत गाठ होती, ती सारं वाहवत होती, आणि रक्त आटलं की माती खावीशी वाटते. रक्त भरल्याशिवाय ऑपरेशन होईना. नाथाजीनं पैलवानी दंड पुढं केला, गट जुळेना. जुळला कुणाचा? सासूचा! इतक्या वर्षांत ज्या दोघींचं काही म्हणता काही जुळलं नव्हतं, त्यांचं रक्त जुळलं.

तोवर माझ्यावर नाथाजीनं भाकरी केल्या. त्याविषयी न बोललेलंच बरं.

गाठ काढून माला घरी आली, रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पुड्या घेऊन.

"आता माझं रगत हाय तुझ्या अंगात," रंगूबाईनं बजावलं. "उलटं बोलायचं काम न्हाई."

"तरीच माझी जीभ लय लांब झाल्यागत वाटतीया," माला म्हणाली.

दोघी हसता हसता ठसकल्या. धूर माझाच होता.

काही महिन्यांनी मालाच्या ओठांवर रंग चढला. एक दिवस तिनं वैलीचा खडा मोडून नाकाशी नेला. मी श्वास धरला. "ईऽऽ! ही माती खात हुते मी?" म्हणत तिनं तो राखेत भिरकावला. एवढा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. इतका गोडही लागला नव्हता.

माझी वैल अजून तुटकीच आहे. रंगूबाई बुजवू देत नाही. गावातल्या सासवांना हाताला धरून आणते आणि दाखवते. तुमच्याही घरी चुलीची कड झिजली, तर आधी सुनेची पापणी खाली ओढून बघा, आणि तिला नीट विचारा. कावळ्यानं आणि घुशीनं उगाच फार बोल खाल्लेत हो.