दोन बराबर

तिसऱ्यांदा किल्ली फिरवली, तेव्हाही इंजिन दोन सेकंद घुरघुरलं आणि गप्प झालं. स्पीडच्या काट्याशेजारी किल्लीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकत राहिला. दुर्गाबाईंनी किल्ली काढली, पदराने पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच.

शेजारच्या सीटवर कडूबा बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, उजवा हात मांडीवर उचलून ठेवलेला. ते म्हणाले, "बराबर."

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्यापाशी एवढा एकच शब्द उरला होता. लकव्याने उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. जाताना हा एक शब्द कसा काय मागे राहिला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाणी हवं असलं तरी बराबर, पाय दुखला तरी बराबर, पुण्याहून लेकीचा फोन आला तरी बराबर. त्यांना समजतं सगळं, फक्त शब्दांना बाहेर यायला वाट मिळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि नेमकी त्यांचीच गाडी बंद पडली होती. परतूरच्या मोंढ्याजवळ चौतीस वर्षं कडूबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मंठ्याहून, घनसावंगीहून लोक बंद गाड्या दोरीने ओढत त्यांच्याकडे आणायचे. ही वीस वर्षांची जुनी गाडीही अशीच आलेली. आधीचा मालक कंटाळला होता, कडूबांनी ती घेतली आणि वायर न् वायर नवी करून दारात उभी केली.

आजचा दिवस चुकवून चालणार नव्हता. बोलणं गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या एक डॉक्टरबाई संभाजीनगरहून महिन्यातून एकदा जालन्याला येत. लेकीने, तृप्तीने, पुण्यात बसून फोन करकरून त्यांची वेळ मिळवली होती. त्यासाठीही दोन महिने थांबावं लागलं. वेळ अकराची, आणि रस्ता पावणेदोन तासांचा. मागे एकदा एसटीने जाताना पायरीवरून कडूबा घसरले होते, त्यांना सावरताना दुर्गाबाईंचाही गुडघा सोलला होता. तेव्हापासून बस नको, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. भाड्याच्या गाडीसाठी दोन ठिकाणी विचारलं, तर लग्नाची दाट तीथ, एकही गाडी रिकामी नव्हती.

शेजारची बेबीनंदा गल्लीतल्या दोघांना बोलावून आली. त्यांनी गाडी ढकलली. चार पावलं गेली नाही तोच सायरन असा काही ओरडायला लागला, की लोक कपबशा हातात घेऊन दारात आले. दुर्गाबाईंनी रिमोट दाबदाबून तो कसाबसा थांबवला. कडूबा डाव्या हाताने समोरच्या फळीवर थापा मारत होते. तेव्हा कुठे दुर्गाबाईंना नवऱ्याचंच बोलणं आठवलं. दुकानात कुणी अशी गाडी धक्का मारत आणली की ते हसून म्हणायचे, की हा दिवा लुकलुकला म्हणजे गाडी मालकाला ओळखेना झाली. तिला धक्के मारून काय उपयोग, तिची ओळख पटवा.

साडेसात वाजले होते. फोन करण्यासारखं एकच नाव होतं, आणि ते दुर्गाबाईंच्या तोंडी कधी येत नसे.

नागसेनचं वायरिंगचं दुकान कडूबांच्या दुकानासमोर होतं, रस्त्याच्या पलीकडे. बारा वर्षं घरात त्याचा उल्लेख 'समोरचा' असाच होई. तो कधी भांडला नाही, वाकडं बोलला नाही. पण त्याने दुकान टाकल्यापासून आपली गिऱ्हाइकं तिकडे वळली, हे दुर्गाबाईंच्या मनात घट्ट बसलं होतं. त्याच्या बायकोला संक्रांतीचं वाण द्यायचंही त्यांनी टाळलं होतं. कडूबांचं दुकान बंद झालं आणि उरलेलं सगळं काम आपसूक त्याच्याकडे गेलं, तेव्हा तर त्या रस्त्याने जाणंच त्यांनी सोडलं.

फोनवर त्यांनी फक्त गाडीचं आणि अकराच्या वेळेचं सांगितलं. नागसेन दहा मिनिटांत आला. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं बॉनेट उघडं टाकून तसाच निघाला होता.

आधी त्याने दुसरी किल्ली मागितली. कपाटातली किल्ली आणून लावली, तरी दिवा लुकलुकतच होता. त्याने बॅटरी पाहिली, फ्यूज काढून उन्हात धरले, सीटखाली वाकून बराच वेळ बघितलं. मग कपाळ पुसत उभा राहिला.

"वहिनी, हिची सिक्युरिटीच बाद झाली. जुन्या गाडीला हे लफडं पायजेच कशाला. वायरी तोडून डायरेक्ट करून टाकतो, पन टाइम लागंल. आज जालना हुईल असं काही दिसून न्हाई राह्यलं."

त्याने पक्कड उचलली. त्याच क्षणी कडूबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"बराबर," ते म्हणाले.

"बघा, दादाबी बराबरच म्हनून राह्यले," नागसेन म्हणाला आणि वाकला.

"थांबा," दुर्गाबाई म्हणाल्या. "हे 'हो'चं बराबर न्हाई."

नागसेनने त्यांच्याकडे पाहिलं. समजावून सांगायला दुर्गाबाईंना वेळ लागला, कारण हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर लोक हसले असते. कडूबांच्या बराबरचे दोन प्रकार होते. तुटक आलं की 'हो'. शेवटचं अक्षर खाली ओढलं की 'नाही'. लेकीला हा फरक कळत नव्हता, डॉक्टरांना कळला नाही. दुर्गाबाईंना पहिल्या आठवड्यातच कळला. त्याला कारणही होतं. लग्न झाल्यापासून कडूबा बॉनेटखाली डोकं घालून उभे राहत आणि दुर्गाबाई आत बसून किल्ली फिरवत. समोर उघडं बॉनेट, नवरा दिसायचा नाही, नुसता आवाज ऐकू यायचा. हां, मारा. थांबा. आता मारा. त्या आवाजाच्या चढउतारावर त्यांचा हात तीस वर्षं चालला होता. गाडी चालवायलाही त्या अशाच शिकल्या, मोंढ्याच्या रिकाम्या मैदानात, त्याच आवाजाच्या हुकमावर.

"मी एकेक जागी बोट ठेवते," त्या नागसेनला म्हणाल्या. "हे सांगतील. तुम्ही फक्त हात चालवा."

त्यांनी बॅटरीवर बोट ठेवलं आणि उघड्या बॉनेटआडून तिचं नाव मोठ्याने घेतलं. बराबर, लांब ओढलेलं. फ्यूजच्या डब्यावर ठेवलं, तेही लांब. मग दाराशी येऊन त्यांनी स्टिअरिंगखालच्या काळ्या झाकणावर बोट टेकवलं.

"बराबर." तुटक.

नागसेनने स्क्रू काढले, झाकण खाली घेतलं. किल्ली घालतात त्या जागेभोवती बांगडीएवढी काळी रिंग होती. ही रिंग किल्लीतली चिप वाचते, मगच इंजिनाला परवानगी मिळते, एवढं दुर्गाबाईंना ऐकून ऐकून ठाऊक होतं. नागसेनने रिंगवर बोट ठेवलं. लांब. तो बोटाने वायर चाचपत मागे मागे गेला, आत, जिथे डोळ्यांना दिसत नव्हतं तिथे. एका लहानशा प्लगला त्याचं बोट लागलं आणि त्याने मान वर करून आधी कडूबांकडे पाहिलं.

"बराबर."

या वेळी दुर्गाबाईंनी अर्थ सांगायची गरज पडली नाही.

प्लग ओढून बाहेर काढला, तर त्यातल्या एका पिनेवर हिरवट गंज चढला होता, मुंगीच्या डोक्याएवढा. नागसेनने ती बारीक पॉलिशपेपरने घासली, चिमट्याने किंचित दाबली, प्लग पुन्हा खटकन बसवला आणि सीटवरून उठला. "तुमी बसा वहिनी," म्हणाला.

दुर्गाबाई बसल्या. कडूबांनी डावा हात वर केला. दुर्गाबाईंनी किल्ली अर्धी फिरवली. लाल दिवा लागला, थोडा वेळ तसाच राहिला आणि विझला. कडूबांनी हात खाली घेतला. दुर्गाबाईंनी किल्ली पूर्ण फिरवली.

इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. बेबीनंदाने कठड्यावरून हात जोडले, ते देवाला की नागसेनला, तिलाच ठाऊक.

दुर्गाबाईंनी चहाचा आग्रह केला. उशीर होईल, म्हणून नागसेनने तो मोडून काढला. कापडाने हात पुसत तो खिडकीशी आला आणि खाली बघत बोलला.

"मी तर वायरी तोडून बसलो असतो वहिनी. दादांनी तुमाला कधी सांगितलं न्हाई वाटतं. दुकान टाकलं तवा मला ह्या लाल दिव्याचं काम येतच नव्हतं. अशी गाडी आली की दुपारी गिऱ्हाइक जेवायला गेल्यावर मी गपचूप पलीकडं न्यायचो. दादा ठीक करायचे आन् माझ्या दारात आणून लावायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, नागसेननंच केली. दोन सालं असं चाललं. त्याच्यावरच तर माझं दुकान उभं राह्यलं."

दुर्गाबाई नवऱ्याकडे वळल्या. कडूबा समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते.

"बराबर," ते हळूच म्हणाले. हे कोणतं, ते मात्र दुर्गाबाईंना या एका वेळी ओळखता आलं नाही.

वाटूर फाटा मागे पडला. दोन्ही बाजूंना कापसाची हिरवी रानं होती आणि गाडी कुरकुर न करता पळत होती. बारा वर्षं आपण एका माणसाचा राग धरला, आणि ज्याच्यासाठी धरला त्याने तो कधी मागितलाच नव्हता, हे त्यांच्या मनात फिरत राहिलं. त्यांना शरम वाटली. पण शरमेपेक्षाही मोठं काहीतरी वाटत होतं. हात, डोकं आणि कान असे तीन माणसांचे एकत्र आले तेव्हा एक प्लग सापडला. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं. गेले आठ महिने त्या रोज देवाला काय गेलं तेच सांगत आल्या होत्या. आज पहिल्यांदा, काय उरलंय त्याची मोजदाद मनात आपोआप सुरू झाली.

"या संक्रांतीला नागसेनभाऊंच्या घरी वाण घेऊन मी स्वतः जाईन," त्या अखेर म्हणाल्या.

कडूबांनी तुटक उत्तर दिलं.

जालन्यात पोहोचायला अकरा वाजून दहा मिनिटं झाली. डॉक्टर चिन्मयी तरुण होत्या, उशिराबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी कडूबांना चित्रं दाखवली, आवाज काढायला लावले, ओठांच्या हालचाली बघितल्या. पेल्याच्या चित्राला बराबर, गाईच्या चित्राला बराबर. दुर्गाबाईंनी दोन बराबरचा फरक सांगितला, तेव्हा मात्र डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं.

"काकू, सगळं बोलणं परत येईल असं मी खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही जे ऐकलंत, तिथूनच आपण सुरुवात करू."

मग त्यांनी कडूबांसमोर कोरा कागद ठेवला आणि डाव्या हातात जाड पेन्सिल दिली. काका, तुमचं नाव लिहा, म्हणाल्या. सावकाश लिहा, घाई नाही.

पेन्सिल कागदावर टेकली. पहिलं अक्षर पोरांच्या पाटीवरल्यासारखं मोठं आणि तिरकं आलं. दुसऱ्याला उशीर लागला. 'कडू' एवढं झालं आणि हात थांबला. आधीची दोन भावंडं गेली म्हणून याला तरी दृष्ट लागू नये, अशा भीतीने आईने ठेवलेलं हे नाव. कडूबांच्या कपाळावर घाम आला होता. पुढचं अक्षर कोणतं, ते दुर्गाबाईंच्या ओठावर आलं होतं.

दार थोडं उघडून कुणीतरी पुढच्या पेशंटबद्दल विचारलं. डॉक्टरांनी हातानेच थांबायला सांगितलं.

दुर्गाबाईंनी ओठ मिटून घेतले, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले आणि वाट बघत राहिल्या. कागदावर पेन्सिल पुन्हा हलली.